'सर्व्हरवर ताण' म्हणजे नेमकं काय?

महोदय,

निकालाच्या किंवा अर्जाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ अडकलं की 'सर्व्हरवर ताण आला' एवढंच छापून येतं. जावावर चालणाऱ्या संकेतस्थळांत पुष्कळदा प्रोसेसर तेव्हा निवांत असतो. संपलेली असतात ती डेटाबेसची, म्हणजे माहितीच्या साठ्याशी जोडणारी, कनेक्शन्स.

पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये 100 कनेक्शन्स देतं. एका टॉमकॅटवर (जावाची ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या सर्व्हरवर) सहा ॲप्लिकेशन्स, प्रत्येकाचा 20चा वेगळा पूल (वापरून परत करायच्या कनेक्शन्सचा साठा), म्हणजे मागणी 120 पर्यंत जाऊ शकते. एरवी निभावतं, गर्दीत नाही. त्यापेक्षा पूल एकदाच, टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल या सेटिंग्जच्या फाइलमधल्या 'ग्लोबल नेमिंग रिसोर्सेस'मध्ये मांडावा. ड्रायव्हरची (डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडची) जार फाइल टॉमकॅटच्याच लिब फोल्डरमध्ये ठेवावी आणि प्रत्येक ॲप्लिकेशनच्या कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये त्या पूलकडे बोट दाखवणारी 'रिसोर्स लिंक' द्यावी. ही लिंक राहिली तर ॲप्लिकेशनला पूलचं नावच सापडत नाही. पासवर्ड तपासून उपयोग नसतो.

सर्वांत फसवी चूक आवृत्ती बदलताना होते. पूलची कमाल कनेक्शन्स ठरवणारं टॉमकॅट 7 मधलं 'मॅक्स ॲक्टिव्ह' 8 पासून 'मॅक्स टोटल' झालं आणि कनेक्शनची किती वाट पाहायची ते ठरवणाऱ्या 'मॅक्स वेट'चं 'मॅक्स वेट मिलिस'. जुनं नाव तसंच ठेवलं तरी सर्व्हर सुरू होतो. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये) फक्त एक इशारा येतो, दिलेला आकडा बाजूला पडतो आणि पूल 8 कनेक्शन्सवर येतो. टॉमकॅटचे धागे (थ्रेड्स, एकेक विनंती हाताळणारे) मात्र मुळात 200! नववी विनंती थांबते आणि वाट पाहण्याला मर्यादाच नसल्याने ब्राउझरमधलं चक्र फिरतच राहतं. 'मॅक्स वेट मिलिस'मध्ये 10000, म्हणजे 10 सेकंद, लिहिले तर निदान स्पष्ट त्रुटी दिसते.

सामायिक पूलचा एक धोका सांगायलाच हवा: एका ॲप्लिकेशनने कनेक्शन्स परत केली नाहीत तर बाकीची पाचही उपाशी राहतात. म्हणून प्रत्येक कनेक्शन जावाच्या 'ट्राय विथ रिसोर्सेस'मध्येच उघडावं, म्हणजे काम संपताच ते आपोआप परत जातं. 'रिमूव्ह अबॅन्डन्ड ऑन बॉरो' आणि 'लॉग अबॅन्डन्ड' चालू ठेवले, तर अडवून ठेवलेलं कनेक्शन कोडच्या कोणत्या ओळीने घेतलं होतं ते लॉगमध्ये उमटतं. जड अहवाल काढणाऱ्या ॲप्लिकेशनला मात्र आमच्या मते वेगळा, छोटा पूलच द्यावा.

पुढच्या वेळी बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी संबंधितांना एवढं जरूर विचारावं: पूलची मर्यादा किती होती आणि त्या तासाच्या लॉगमध्ये काय आलं?

– टॉमकॅट सर्व्हर सांभाळणारे काही वाचक, पुणे