आई, बादशहाचा मुकुट फुलला

लायडन, २२ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू दर फोनला विचारायचीस, "त्या वास मारणाऱ्या कंदाचं काय झालं गं?" फुलला! तिसऱ्या वसंतात फुलला. फोनवर घाईघाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

कमरेएवढा दांडा, टोकाशी केशरी घंटांचं कडं, सगळ्या माना खाली घातलेल्या, आणि त्यांच्या वर हिरव्या पानांचा तुरा, फेट्यात खोचावा तसा. डच लोक याला बादशहाचा मुकुट म्हणतात, इराणात उलटा ट्युलिप. घंटेत खालून डोकावलं की प्रत्येक पाकळीच्या मुळाशी मधाचा टपोरा थेंब लोंबताना दिसतो. सहा पाकळ्या, सहा थेंब. काल निळ्या डोक्याचा, चिमणीहून लहान पक्षी त्यात चोच घालत होता. मी हातातलं काम टाकून बघत राहिले.

पहिल्या वर्षी चूक माझीच झाली. निशिगंधाचे कंद तू चार बोटं खोल लावतेस, तसाच हाही लावला, तोही आमच्या चिकणमातीत. हा मुठीएवढा, आणि जुना दांडा जिथून गेला तिथे वरून आत भोक. त्यात पाणी साचून कंद मऊ पडायला लागला. शेजारच्या आजींनी पानं वाळल्यावर तो माझ्याकडून उकरून घेतला. सप्टेंबरात वीतभराहून खोल खड्डा, तळाशी जाड वाळू, आणि कंद चक्क कुशीवर निजवला, म्हणजे भोकात पाणी थांबत नाही. वास मात्र ओल्या कुत्र्याच्या अंगाला येतो तसा. दोनदा साबण लावूनही हाताचा जाईना. गेल्या वसंतात नुसती पानं आली. मी खट्टू झाले होते, आजी म्हणाल्या, हलवलेला कंद रुसतोच.

मूळचा तो डोंगरातला, तुर्कस्तान-इराणपासून थेट काश्मीरकडचा. सोळाव्या शतकात इस्तंबूलहून व्हिएन्नाला आला. तिथे काम केलेला वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस १५९३ मध्ये इथे लायडनला आला आणि त्यानं विद्यापीठाची बाग लावली. माझ्या घरापासून ती सायकलवर दहा मिनिटं.

तू एक कंद मागितलास, पण त्याला हिवाळाभर गारठून पडायला लागतं. वाईच्या थंडीत तेवढं होणार नाही. शिवाय तो विषारी, आणि तुझ्याकडे सुरणाशेजारी ठेवला तर माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही.

सध्या रोज सकाळी पानांवरचे लाल भुंगेरे वेचते. बोट लावलं की पटकन खाली पडून उलटे होतात नि मातीत दिसेनासे होतात, म्हणून खाली ओंजळ धरावी लागते. फुलं गेल्यावर पानं मात्र कापायची नाहीत, तुझ्या हळदीसारखीच आपोआप पिवळी पडू द्यायची. आजी सांगतात, पाकळ्या गळल्या की बोंडं माना वर करून आभाळाकडे वळतात. ते बघायचंय अजून.

तुझी हळद या वर्षी कधी लावणार? बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई