क्रेन थांबली, पण टेबलावर जागा मिळाली नाही

महोदय,

हुकूमशाहीतून लोकशाहीकडे झालेल्या स्थित्यंतरांच्या चर्चेत कामगार स्त्रियांचा उल्लेख बहुधा तळटीपेपुरता होतो, आणि पोलंडचा इतिहास पाहता हे अन्यायकारक वाटते. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात संप पेटला तो आना वालेन्तिनोविच या क्रेनचालक स्त्रीला निवृत्तीला अवघे काही महिने उरले असताना कामावरून काढल्यामुळे. दोनच दिवसांत व्यवस्थापनाशी तडजोड होऊन कामगार घरी निघाले, तेव्हा संप चालू राहावा म्हणून त्यांना फाटकाशी अडवण्यात आना यांच्यासह परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का आणि ट्रामचालक हेन्रिका क्षिवोनोस या पुढे होत्या. संपाच्या २१ मागण्यांत पाळणाघरांत पुरेशा जागा आणि तीन वर्षांची पगारी प्रसूती रजा यांचाही समावेश होता, हे तर आज क्वचितच कुणाला आठवते.

पुढे या संपातून उभी राहिलेली सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना आणि कम्युनिस्ट सरकार यांच्यात १९८९ मध्ये झालेल्या गोलमेज वाटाघाटींत मात्र स्त्रिया नावापुरत्याच दिसल्या, आणि १९९३ मध्ये नव्या लोकशाहीच्या संसदेने गर्भपातावर कडक निर्बंध घातले. याउलट लष्करी राजवटीतून बाहेर पडलेल्या अर्जेंटिनाने १९९१ मध्ये उमेदवार याद्यांत स्त्रियांसाठी किमान ३० टक्के जागा कायद्यानेच राखल्या. कोटा हा सर्व दुखण्यांवरचा उतारा आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु वाटाघाटीच्या टेबलाशी कोण बसते, यावरच पाळणाघराची मागणी टिकते की गळते, हे ठरते.

– एक वाचक