पोलिसांनी पक्ष विचारला नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला राजकीय आश्रयावरचा (म्हणजे मायदेशी छळ होतो म्हणून दुसऱ्या देशात आसरा मागणाऱ्यांवरचा) लेख वाचला. लेखक अभ्यासू असतील, त्याबद्दल वाद नाही, पण अर्ज फेटाळला तरी कोर्टात जाऊन आश्रय मिळवता येतो असं जे ठोकून दिलंय ते छापायच्या आधी कुणी तपासलं तरी का? कोर्ट आश्रय देत नाही हो. त्यांनी कॅनडाचं उदाहरण दिलंय तर कॅनडाचंच घ्या. तिथे फेडरल कोर्टात जायला आधी परवानगी मागावी लागते, तीही आश्रयाच्या नकारावरचं खालचं अपील फेटाळल्याचं कळल्यापासून 15 दिवसांत, आणि ती नाकारली तर बहुतेक वेळा कारणसुद्धा सांगत नाहीत, वर त्यावर अपील नाही. मिळालीच परवानगी तर न्यायाधीश बघणार काय, तर नकार देणाऱ्याने पुरावा नीट वाचला का, कारणं पटण्यासारखी दिली का. नसतील दिली तर नकार रद्द आणि प्रकरण परत खाली, दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे. म्हणजे कोर्टात जिंकलेला माणूस परत सुनावणीच्या तारखेची वाट बघत बसतो.

निदान तिकडे अधिकारी तरी दुसरा असतो. आमच्या नशिबी तेही नव्हतं.

वडील आणीबाणीत आत होते. अशा लोकांना 2018 ला सरकारने मानधन सुरू केलं, 2020 ला पुढच्या सरकारने बंद केलं, 2022 ला त्याच्या पुढच्याने परत सुरू केलं (माणसं तीच, जेल तेच, मंत्रालयात खुर्ची हलली की त्याग रद्द!), तर आम्हीही अर्ज केला. ऑफिसातले साहेब विचारतात, कोणत्या पक्षाचे होते? कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, उगाच पुढचा कागद अडकायचा. वडील कुठल्याच पक्षाचे नव्हते. शेजारच्या मास्तरांबरोबर सभेला गेले, पोलिसांनी मास्तरांना उचललं तसं यांनाही उचललं. मग म्हणे पक्षाचं पत्र आणा. अहो, ज्यांनी आत टाकलं त्या पोलिसांनी पक्ष विचारला नव्हता आणि तुम्ही एवढ्या वर्षांनी विचारताय? फेटाळला. मग हायकोर्ट, वकिलाची फी, पंचवटीने मुंबईच्या खेपा, शेवटी फेरविचार करा असा आदेश मिळाला, आम्ही पेढे वाटले, आणि फाईल आली ती त्याच टेबलावर त्याच साहेबांपुढे. पहिला नकार दोन ओळींचा होता, दुसरा दोन पानांचा आला. वडील तोवर गेले होते.

म्हणून तुमच्या लेखकांचं ते वाक्य फार लागलं, की ज्याच्याकडे पक्षाचं कार्ड नाही तो कसला राजकीय? कॅनडाच्याच सुप्रीम कोर्टाने वॉर्डच्या केसमध्ये 1993 ला सांगून ठेवलंय की छळणारा त्या माणसाला काय समजतो ते बघा. हा वॉर्ड उत्तर आयर्लंडच्या सशस्त्र संघटनेतला, ओलिसांवर पहारा द्यायला ठेवला होता, त्यांना मारणार कळल्यावर त्याने सोडून दिलं. तेसुद्धा राजकीय मतच धरलं. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने तर 2012 ला झिंबाब्वेहून आश्रय मागायला आलेल्यांच्या केसमध्ये म्हटलंय की राजकारणाशी देणंघेणं नसलेल्या माणसालाही, तिथले तेव्हाचे अध्यक्ष मुगाबे यांच्या पक्षाचा भक्त असल्याचं सोंग करून जीव वाचव, असं सांगता येणार नाही. हे आमच्या साहेबांना कोण सांगणार?

खोटे अर्ज असतात, एजंट गोष्टी रचून देतात, मान्य. आपल्याकडे उत्पन्नाचे दाखले सगळे खरेच असतात का? म्हणून खऱ्याचा कागद न वाचताच फेकायचा? आणि आपण तर 1951 च्या निर्वासित करारावर सहीसुद्धा केलेली नाही, तेव्हा दुसऱ्या देशांना अक्कल शिकवताना जरा दमानं घ्या.

आणखी एक. नाशिकच्या पानावर हल्ली बातम्या कमी आणि कुंभमेळ्याच्या नावाखाली भाऊ-दादांचे हात जोडलेले फोटोच जास्त. वाचकांच्या पत्रांना मात्र कोपऱ्यात जागा, मागचं माझं पत्र तर मधूनच कापलंत. यावेळी कापायचंच असेल तर हा परिच्छेद कापा, वरचं ठेवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, जेलरोड, नाशिकरोड