पंखातला पीळ की टोकाचे वजन?

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. केतकी हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. दोन दोऱ्यांनी हातातल्या हँडलला जोडून स्वतःभोवती गोल उडवायचे तुझे छोटे मॉडेल विमान सरळ उडताना त्याचा बाहेरचा, म्हणजे तुझ्यापासून लांबचा पंख खाली झुकलेला दिसतो, वर्तुळाच्या एका बाजूला दोऱ्या सैल पडतात, आणि म्हणून या रविवारी तू रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, आणखी उजवीकडे, वर्तुळाबाहेर वाकवून फ्लॅपलाही, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीलाही, थोडा पीळ देणार आहेस, असे लिहिले आहेस. हे पत्र वाचून होईपर्यंत दोन्हींपैकी काहीच करू नकोस.

दोऱ्या सैल पडण्याचे आधी बघू, कारण तो विमानाचा दोष असेल असे मला वाटत नाही. तुझ्या विमानाचे वजन 600 ग्रॅम आहे, हँडलपासून विमानापर्यंतचे अंतर 16 मीटर आहे आणि एक फेरी पाच सेकंदांत पुरी होते. म्हणजे फेरी साधारण 100 मीटरची, वेग सेकंदाला 20 मीटर, आणि या हिशेबाने दोऱ्यांवर दीड किलोच्या आसपास ओढ असायला हवी. एवढी ओढ आहे तोवर मनगटाची हालचाल बेलक्रँकला, म्हणजे दोऱ्या बांधलेल्या फिरत्या तरफेला कळते आणि बेलक्रँक पुशरॉडच्या सळईने एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी, हलवतो. ओढ गेली की हातात नुसते हँडल उरते. ही ओढ सगळ्या फेरीभर कमी वाटत असेल तर रडर, मोटरचा उजवीकडचा कल आणि दोऱ्या पंखाबाहेर पडतात ती जागा तपासावी लागते. पण ती एकाच बाजूला, आणि तीही वारा येतो त्याच बाजूला कमी होत असेल, तर वारा विमानाला तुझ्याकडे ढकलतो आहे एवढाच त्याचा अर्थ आहे. अशा वेळी कसरती वाऱ्याच्या खालच्या बाजूला कर, म्हणजे तोच वारा दोऱ्या ताणून धरील. वाऱ्यावरचा राग रडरवर काढू नये. रडर गरजेपेक्षा जास्त वळवला तर विमान नाक बाहेर काढून तिरके घसटत उडते आणि वेग गमावते.

आता झुकलेल्या पंखाकडे वळतो. याची कारणे दोन असू शकतात आणि दुरून दोन्ही सारखीच दिसतात. बाहेरच्या पंखाच्या टोकात आपण जे वजन बसवले आहे, ते आतल्या बाजूला लोंबणाऱ्या दोऱ्यांचा भार तोलण्यासाठी आहे. ते जास्त झाले असेल तर बाहेरचा पंख खाली जातो. दुसरे कारण म्हणजे पंखात किंवा फ्लॅपमध्ये पीळ असणे, ज्यामुळे आतला पंख जास्त उचल घेतो आणि बाहेरचा आपोआप खाली राहतो. कोणते कारण आहे हे जमिनीवर बसून ठरवता येत नाही, पण विमान उलटे उडवले की लगेच कळते, आणि ते तुला आता जमते. वजनाला विमानाचे पोट आणि पाठ सारखीच, त्यामुळे वजन जास्त असेल तर उलटे उडतानाही बाहेरचाच पंख खाली दिसेल. पीळ असेल तर उलटे झाल्यावर त्याचा जोर जमिनीकडे लागेल आणि आतला पंख खाली जाईल. उडवणाऱ्याला मधोमध उभे राहून हा कोन नीट दिसत नाही, म्हणून मैत्रिणीला वर्तुळाच्या बाहेर, सुरक्षित अंतरावर उभी कर आणि दोन्ही वेळा काय दिसले ते कागदावर लिहून घ्यायला सांग.

माझा संशय पिळावर आहे. जून ते सप्टेंबर हे विमान आपल्या माळ्यावर भिंतीला टेकून होते, आणि इथला पावसाळा तुला माहीत आहे. माळ्यावरच्या पापडांना बुरशी येते तिथे बाल्साच्या हलक्या लाकडाचे काय घेऊन बसलीस? शेपटीच्या मागे बसून एक डोळा मिटून बघ. एलिव्हेटर सरळ असताना दोन्ही फ्लॅपच्या मागच्या कडा एकाच रेषेत दिसल्या पाहिजेत. पंखच पिळलेला असेल तर एकीने तो उलट्या दिशेला किंचित जास्त पिळून धरायचा, दुसरीने पंखावर चढवलेल्या प्लास्टिकच्या फिल्मवर मध्यम गरम इस्त्री फिरवायची आणि फिल्म पूर्ण गार होईपर्यंत हात सोडायचा नाही. त्यानंतर जो थोडा दोष उरेल तोच फक्त फ्लॅपवर काढायचा: बाहेरच्या फ्लॅपची मागची कड एक मिलिमीटर खाली, आणि पुन्हा उड्डाण. एका उड्डाणाला एकच बदल.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. 1991 च्या हिवाळ्यात तपोवन मैदानावर माझ्या विमानाचीही हीच तक्रार होती. टोकाच्या वजनासाठी मी पंचवीस पैशांची नाणी वापरत असे, कारण स्टीलचे ते नाणे तीन ग्रॅमला जरा कमी भरे आणि हिशेब सोपा जाई. त्या दिवशी मी घाईने चार नाणी काढली आणि त्याच वेळी फ्लॅपही वाकवला. विमान सरळ उडताना देखणे दिसले, म्हणून मी लगेच डोक्यावरून फेरी घेतली. वर पोहोचताच आतला पंख जड झाला, दोऱ्या लोंबल्या आणि विमान माझ्या दिशेने आले. मी पळालो, विमानाचे नाक मातीत गेले. दोनपैकी काय चुकले हे त्या तुकड्यांवरून कुणालाच सांगता आले नसते.

एलिव्हेटरबद्दल तू विचारलेस ते थोडक्यात सांगतो. हँडल नेहमीसारखे धरून हात लांब केलास की एलिव्हेटर सरळ असला पाहिजे. तो किंचित वर राहत असेल तर हँडलवरची वरच्या दोरीची लांबी थोडी वाढव, पुशरॉडला हात लावू नकोस. विमान फार चटकन उसळत असेल तर पुशरॉड एलिव्हेटरच्या हॉर्नवर, म्हणजे तो जिथे अडकतो त्या भोकांच्या उभ्या पट्टीवर, बाहेरच्या भोकात घाल, म्हणजे तेवढ्याच मनगटाला एलिव्हेटर कमी हलेल. मात्र त्याआधी गुरुत्वमध्य तपास, कारण शेपटीकडे जड असलेले विमान कोणत्याही भोकात शांत होत नाही. तुझ्या विमानात बॅटरी असल्यामुळे तो उड्डाणात जागचा हलत नाही, हे तुझे भाग्य. आमच्या इंजिनांत पुढच्या टाकीतले इंधन संपत आले की नाक हलके होई आणि शेवटच्या फेऱ्यांना विमान अवखळ बने.

एक गोष्ट मात्र आज्ञा समज. तुझ्या मैदानाच्या कडेने विजेच्या तारा जातात असे मागे लिहिले होतेस. दोऱ्या धातूच्या आहेत. तारांपासून दूर, दुसऱ्या टोकाला वर्तुळ आखता येत नसेल तर त्या मैदानावर उडवू नकोस.

एस.टी.च्या पार्सलने एक खोके पाठवतो आहे. त्यात शिशाचे दहा तुकडे आहेत, प्रत्येक दोन ग्रॅमचा, उद्यमनगरात कापलेला आणि गुजरीत ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोललेला. सराफ आधी हसला आणि मग तुकडे सोन्यासारखे पुडीत बांधून दिले. उलट्या उड्डाणात बाहेरचाच पंख खाली दिसला तर टोकातले वजन एकेका तुकड्याएवढे कमी करत जा. आईने वर भडंगाची पिशवी ठेवली आहे. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय ती फोडू नकोस.

तुझे,
बाबा