एक जूनची मी आणि चारचाकीचं लायसन

सोलापूर

ती. आई-अण्णांना,
सा. न.

परवा फोनवर अण्णा म्हणाले, "या वयात कशाला गाडी शिकतीस?" तेव्हा रिक्षात होते, धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

अण्णा, वयाचा घोळ तुमचाच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाला चिकटवली तीच एक जून मलाही चिकटवली. आई म्हणते, मी कार्तिकीच्या आदल्या दिवशीची. दाखल्यावरची तारीख आधारवर गेली, आणि आधारवरची आपोआप लर्निंगच्या अर्जात. चाळिशी ओलांडली की अर्जाबरोबर डॉक्टरांच्या सहीचा नमुना 1-अ लागतो. मी अर्ज भरला सप्टेंबरात. कागदावर चाळीस पूर्ण, आईच्या हिशेबानं एकोणचाळीसच! मुकाट्यानं डॉक्टरकडे गेले. चष्म्याचा नंबर निघाला, तेवढाच गुरुजींचा उपकार.

नावाचं तर विचारूच नका. पॅनकार्डावर अजून तुमचं आडनाव, आधारवर सासरचं. शिकवणाऱ्या सरांनी बजावलंय, टेस्टला मूळ लर्निंग आणि मूळ आधार न्यायचं, पॅन पर्समधून काढायचंसुद्धा नाही. आणि मी काय केलं? झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन गेले, मूळ कागद कपाटात. टेस्टची तारीख गेली. चूक माझीच, कुणाला बोलणार? आता सोमवारची मिळालीय. मूळ कागदांची पिशवी कालपासूनच दाराच्या खुंटीला टांगून ठेवलीय. घरातले हसतायत, हसू देत.

सराव पहाटे, जुळे सोलापुरातल्या एका मोकळ्या मैदानावर. गाडी क्लासची, पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल', आणि सरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक. फक्कीनं एच आखायचा, कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या आणि रिव्हर्समध्ये आत शिरायचं. पहिले आठ दिवस रोज वीट पाडली. मग एकदा तुम्ही आठवलात. बैलजोडी वळवताना आतल्या बैलाला थोपवून बाहेरच्याला हाकायचात ना? तसंच हे. आतलं मागचं चाक विटेपाशी जवळजवळ थांबलेलं, आणि गाडीचं नाक बाहेरून मोठा फेरा घेतंय. घाई केली की आतलं चाक विटेवर. क्लच अर्ध्यावर धरून, ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय न लावता, गोगलगायीसारखी गाडी न्यायची. शुक्रवारी तीनदा गेले, एकही वीट हलली नाही. आरशावर विसंबू नका, मान वळवून मागं बघा, हे सर इतक्यांदा सांगतात की मी आता स्कूटीवरही मागं वळून बघते. सीटबेल्ट मात्र अजून विसरते.

आई, मोतीबिंदूची तारीख डॉक्टरांकडून पुढच्या महिन्यातली घे. डोळ्याला पट्टी बांधून एसटीत धक्के खात जायचं नाही. पास झाले तर मंगळवेढ्याला मीच न्यायला येईन, बेगमपूरच्या पुलावरून सावकाश. पुढच्या सीटवर कोण बसायचं ते तुम्ही दोघं ठरवा. ट्रंकेत माझा लग्नाच्या नोंदणीचा दाखला असेल, तो काढून ठेवा, पॅनवरचं नाव एकदाचं बदलून टाकते.

आणि अण्णा, तुमचं लायसन कधी संपलंय ते जरा बघता का? मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर तुम्हालाही पुन्हा टेस्ट द्यावी लागेल. विटा जपून ठेवते.

तुमची,
थोरली