‘ऑफर’ म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरचा (पायाने खेळायचा नव्हे, चेंडू हाताने फेकायचा आणि घेऊन पळायचा इथला फुटबॉल) मजकूर वाचला. एका शाळकरी खेळाडूला ‘डझनभर विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या’ असं त्यात छापलं आहे. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. त्या मुलाला मिळाल्या त्या ऑफर. ऑफर आणि शिष्यवृत्ती यांत किती अंतर असतं, ते मी गेलं वर्षभर शेजारच्या घरात रोज पाहिलं आहे.

मी सांगलीत एकतीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं. निवृत्तीनंतर लेकीकडे राहते, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात. इथल्या शाळांमध्ये शुक्रवारची रात्र फुटबॉलची. जवळच्या ॲलन गावात शाळेचं स्टेडियम आहे, त्यात अठरा हजार माणसं बसतात आणि ते बांधायला सहा कोटी डॉलर लागले, हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. माझी नात शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, तिच्यापायी मीही मॅचला जाऊ लागले. आमच्या कुंपणापलीकडे राहणारा मुलगा त्याच शाळेच्या संघात. उंची सहा फूट पाच इंच, वजन १३४ किलो. नातीचं ऐकून तोही मला आज्जी म्हणतो. त्याची आई हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीची नर्स आहे, घरात तिसरं कोणी नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ती माउली ड्यूटीवरून आली ती थेट आमच्या दारात. हातात प्रगतिपुस्तक. बीजगणितात ६६. टेक्सासमध्ये १९८४ पासून कायदाच आहे, ‘नो पास, नो प्ले’. एका विषयात जरी ७० च्या खाली गेलात तरी तीन आठवडे मैदानात उतरायचं नाही. अकरावीचं वर्ष, कॉलेजचे प्रशिक्षक ज्या वर्षाच्या व्हिडिओ फिती बघतात ते वर्ष, आणि पोरगा तीन मॅच बाहेर. मी म्हटलं, उद्यापासून पाठव. तेव्हापासून सोमवार ते गुरुवार तो आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. मुलगा मठ्ठ अजिबात नाही. शाळा आणि सराव करून आलेल्याला वर्गसमीकरण सुचत नाही, एवढंच. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, खेळायचं तर शाळेतले १६ मुख्य विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ ची सरासरी लागते, ते कोष्टक मी फ्रिजवर लावून ठेवलं आहे.

तो खेळतो लेफ्ट टॅकल. आपल्या वाचकांना हे सांगितलं पाहिजे, कारण बातम्यांमध्ये चेंडू फेकणारा आणि चेंडू घेऊन पळणारा एवढेच दिसतात. पुढच्या फळीत पाच जण असतात: मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. नेहमीच्या खेळात हे चेंडू हातात घेत नाहीत. समोरून धावून येणाऱ्याला चार-पाच सेकंद थोपवायचं, हेच काम. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, उजव्या हाताचा असेल तर डाव्या बाजूने त्याच्या पाठीवर येणारा त्याला दिसत नाही, तिथे लेफ्ट टॅकल उभा. मॅचनंतरच्या आकड्यांत याच्या नावापुढे काहीच नसतं. त्याचं नाव लाउडस्पीकरवर येतं ते समोरच्याला धरून ठेवलं आणि दहा यार्डांचा दंड झाला तरच.

माझे वडील तालमीतले. लहानपणी त्यांच्याबरोबर आखाड्यापाशी पुष्कळ उभी राहिले आहे, म्हणून मला या मुलाचे पाय बघायला आवडतात. कंबर खाली, पाठ सपाट, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने, आणि पाऊल कधी उचललेलं दिसत नाही, सरकलेलं दिसतं. इथल्या प्रशिक्षकांना कुस्ती खेळलेली पोरं या जागेसाठी हवी असतात, हे कळलं तेव्हा नवल वाटलं नाही.

तर ऑफर. फेब्रुवारी २०२५ मध्ये शाळेच्या कोचने त्याला एक नंबर दिला आणि सांगितलं, या विद्यापीठाला फोन कर. फोन मुलानेच करायचा, कारण कोणी कुणाला कधी फोन करायचा याचे नियम आहेत आणि ते नियम असेच पाळले जातात. आमच्याच टेबलावर स्पीकर लावून बोलणं झालं. पलीकडून आवाज आला, ‘आम्ही तुला ऑफर देतो आहोत, पूर्ण शिष्यवृत्ती.’ आई रडली. मी शिरा केला. लगेच फोटो टाकून, देवाचे आभार मानून त्याने ते सगळ्या जगाला कळवलं, इथे तशी रीतच आहे. मे संपेपर्यंत असे अकरा फोन झाले.

शिक्षकी सवय, मी वही घातली होती. तारीख, विद्यापीठ, बोलणारा कोण, नेमके शब्द काय आणि शेवटचा रकाना ‘कागद’. अकराही ओळींत तो रकाना कोरा. मी आईला विचारलं, लेखी काही येत नाही का? तिने शाळेच्या कोचला विचारलं. नियम असा निघाला की बारावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टआधी लेखी ऑफर पाठवताच येत नाही. आणि ते लेखी पत्रसुद्धा करार नव्हे. करार होतो डिसेंबरमध्ये, सह्यांच्या दिवशी. तोवर विद्यापीठही बांधलेलं नाही आणि मुलगाही. म्हणजे फेब्रुवारीतल्या त्या आनंदाच्या फोनला कागदावर काडीचीही किंमत नव्हती.

जूनमध्ये अकरापैकी एकाचं पारडं जड झालं. विद्यापीठाने आईलाही बोलावून घेतलं, राहण्या-जेवण्याचा खर्च त्यांचा, मुलाला अंगावर त्यांची जर्सी घालून फोटो काढले. तिथल्या प्रशिक्षकाने आईचा हात हातात घेऊन सांगितलं, ‘आमच्याकडे तो तुमच्या नजरेआड असेल, पण आमच्या नाही.’ जूनअखेर पोराने तिथे जाणार असं जाहीर केलं. बाकीच्या दहांना नकार कळवताना प्रत्येकाला स्वतः लिहिलं. मी शुद्धलेखन तपासलं.

त्याच सुमारास एकदा तो माझा शिवणाचा डबा उघडा बघून म्हणाला, आज्जी, टेप आहे का? त्याला हात मोजायचा होता. खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. प्रशिक्षकांना टॅकलचा हात ३४ इंच लागतो, लांब हात आधी पोचतो म्हणून. ब्लाउजची मापं घ्यायला सांगलीहून आणलेली पिवळी टेप, तिचे सुरुवातीचे आकडे पुसलेले, तिने मी त्या एवढ्या मोठ्या पोराचा हात तीनदा मोजला. ३३ आणि पाव. तो खांदा जरा पुढे ढकलून बघत होता. मी म्हटलं, बाळा, टेप खोटं बोलत नाही. हे बोलले त्याचं मला आजही वाईट वाटतं.

१ ऑगस्ट आला. पत्र आलं नाही. विचारलं तर, ‘या आठवड्यात निघेल.’ पुढच्या आठवड्यात तेच. मग मेसेजला उत्तर यायला दोन दिवस लागू लागले, मग चार. सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेसहाला एक मेसेज आला: तुझ्या जागेसाठी आम्ही दुसऱ्या दिशेने जात आहोत, तुला शुभेच्छा. दोन ओळी. ज्याने आईचा हात धरला होता, त्याने फोनसुद्धा केला नाही. काय कमी पडलं, हात की गती की आणखी काही, ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. त्या दिवशी तो शिकायला आला, वही उघडली आणि एकही गणित न सोडवता तासभर बसून राहिला. मीही काही बोलले नाही.

बाकीच्या दहांना त्याने पुन्हा लिहिलं. सात ठिकाणच्या जागा भरल्या होत्या, दोघांनी उत्तर दिलं नाही, एकाने ये म्हटलं.

हे एका घरचं रडगाणं म्हणून लिहीत नाही. असं का होतं, ते मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. आधी विद्यापीठाला फुटबॉलसाठी ८५ शिष्यवृत्त्या देता यायच्या आणि त्याखेरीज स्वखर्चाने खेळणारी मुलं संघात ठेवता यायची. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी लावलेल्या दाव्यात कोर्टात जी तडजोड मंजूर झाली, तिच्यानंतर ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवरची ८५ ची मर्यादा गेली, पण संघातच १०५ हून जास्त मुलं ठेवता येत नाहीत. त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. शिवाय २०१८ पासून ट्रान्स्फर पोर्टल आहे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, त्यातून दुसऱ्या कॉलेजात दोन-तीन वर्षं खेळून तयार झालेला टॅकल घेता येतो. सतराव्या वर्षीच्या पोराला अंगात ताकद यायला दोन वर्षं वाट बघावी लागते. पुढच्या फळीत तर हमखास लागते. नोकरी टिकवायची असलेला प्रशिक्षक तयार माणूस घेतो. त्याचं गणित मला कळतं. फक्त फेब्रुवारीत बोलतानाही त्याला ते कळत होतं.

शब्द मुलंही फिरवतात, हेही सांगते. केल्विन बँक्स ज्युनियर हा ह्यूस्टनजवळचा मुलगा, लेफ्ट टॅकलच. त्याने ओरेगन विद्यापीठाला शब्द दिला होता. डिसेंबर २०२१ मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक मारिओ क्रिस्टोबल मायामीला गेले, आणि बँक्सने शब्द मागे घेऊन टेक्सास विद्यापीठात सही केली. पहिल्या वर्षापासून खेळला, २०२४ मध्ये फळीतल्या सर्वोत्तम खेळाडूची आउटलँड ट्रॉफी मिळवली, २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत नवव्या क्रमांकावर घेतलं. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या भरवशावर शब्द दिला तो माणूसच निघून गेला होता. पण बघा, विद्यापीठाने एक मुलगा गमावला तर यादीत दुसरा असतो. मुलाने विद्यापीठ गमावलं तर तोवर बाकीची दारं बंद झालेली असतात.

आपल्या वाचकांचा याच्याशी काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध आहे. पुण्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला होता. नातू पोहण्यात चांगला आहे, एका एजंटने ‘अमेरिकेतून ऑफर आणून देतो’ म्हणून पैसे मागितले आहेत. मी तिला तीनच गोष्टी सांगितल्या. आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांतही नाही. आणि कोणी कितीही गोड बोललं तरी आर्थिक साहाय्याच्या करारावर दोन्ही बाजूंची सही होईपर्यंत पेढे वाटू नकोस. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत यासाठी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा वेगळा कागद असायचा. तो आता बंद झाला आहे. त्यामुळे एजंटने तो देतो म्हटलं तर तिथेच ओळखायचं.

आमच्या मुलाची सही ३ डिसेंबरला झाली. ज्याने ये म्हटलं त्या विद्यापीठात, घरापासून गाडीने चार तासांवर. शाळेच्या ग्रंथालयात टेबल मांडलं होतं. सदऱ्याचं गळ्याचं बटण लागत नव्हतं, म्हणून आदल्या रात्री मी ते अर्धा इंच सरकवून दिलं. आई रात्रपाळी करून तशीच आली, हॉस्पिटलच्या कपड्यांत. घरी आल्यावर मी वही काढली आणि अकराव्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात तारीख लिहिली.

संपादक महोदय, आपल्याकडच्या मुलांच्या बातम्याही आता अशा छापून येऊ लागल्या आहेत आणि पुढे आणखी येतील. माझी विनंती एवढीच आहे. कोणाला ऑफर आली असेल तर ‘ऑफर आली’ असंच छापा, ‘शिष्यवृत्ती मिळाली’ असं नको. आणि सही झाली असेल तर सहीची तारीख छापा.

कळावे,
एक निवृत्त गणित शिक्षिका
(मूळ सांगली, हल्ली टेक्सास. शेजारच्या मुलासाठी माझं नाव छापू नये.)