ओट्याचा रंग ओट्याशी उभी असते तिला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर स्वयंपाकघराविषयी लेख आला होता. ओटा पांढरा, ऑफव्हाइट नाहीतर करडा घ्यावा, भडक रंगाने खोली लहान दिसते, पुढे घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक नाक मुरडतं, असं त्यात ठामपणे लिहिलं होतं. मी सांगलीच्या गावभागात राहते. ३४ वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं आणि त्याहून अधिक वर्षं ओट्याशी उभी राहिले. गेल्या दिवाळीआधी मी लाल ग्रॅनाइटचा ओटा बसवून घेतला. तो लेख वाचल्यावर गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

ओटा बदलायची वेळ का आली ते आधी सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं. आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर परतलो तेव्हा ट्रॉल्यांचं प्लायवूड फुगून थराथराने सुटलं होतं, फ्रिज तरंगून आडवा पडला होता. जागेवर होता तो फक्त काळ्या कडप्प्याचा जुना ओटा. गाळ खरवडला, तोच ओटा धुतला आणि त्यावर पुन्हा चहा ठेवला. २०२१ला पुन्हा पूर आला आणि पुन्हा तेच सगळं. तेव्हाच ठरवलं, खाली प्लायवूड नको, उभ्या दगडी फळ्या घालायच्या, आणि वरचा दगड मात्र माझ्या आवडीचा.

कडप्प्याचे उपकार मी विसरणार नाही, पण तो चुनखडीच्या जातीचा दगड. लिंबाच्या लोणच्याचा, चिंचेच्या कोळाचा थेंब पडून राहिला की आम्ल दगड खातं आणि तिथली चकाकी कायमची जाते. माझ्या ओट्यावर शेगडीच्या डाव्या अंगाला असे राखाडी डाग पडले होते. शहाबाद, कोटा आणि संगमरवर यांचंही तेच. ग्रॅनाइटला लिंबू काही करत नाही. दिसायला सगळेच दगड, पण स्वयंपाकघरात हा फरक रोजचा आहे आणि लेखात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

आता पांढऱ्या रंगाविषयी. सांगली हे हळदीचं गाव आहे. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरात हळद पोह्यात असते, पिठल्यात असते, मुलांच्या दुधात असते, बोटांना असते. शेजारच्या बिल्डिंगमध्ये माझ्या भाचीने लेखात सुचवला तसा पांढराशुभ्र ओटा घेतला. पहिल्याच महिन्यात फोडणीचे शिंतोडे उडाले, तिने घाबरून कपड्यांची पावडर टाकून घासलं आणि पिवळा डाग तांबडा झाला. मला फोन केला तेव्हा रडवेली झाली होती. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, तसंच हे. साबणाच्या पावडरीतला क्षार हळदीला लाल करतो. तिला म्हटलं, आधी साध्या पाण्याने पुसून काढ, उरलेल्याला खिडकीतलं ऊन लागू दे, उन्हात हळद उडते. डाग फिका पडला, पण आता ती फोडणी करताना एका हातात फडकं धरून उभी असते. हा स्वयंपाक का म्हणायचा?

मला लाल हवा होता. माझ्या माहेरी, तासगावला, स्वयंपाकघरात लाल कोबा होता. आई रोज तो पुसायची आणि दुपारी आम्ही त्यावर गालाने पालथे पडायचो, इतका तो थंड आणि गुळगुळीत. घरभर रंग होते तेव्हा. खिडक्या हिरव्या, भिंती निळ्या, माजघराला नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या. त्या घरात आम्हाला खोली लहान वाटल्याचं आठवत नाही.

मिरज रस्त्याला एका ग्रॅनाइटच्या गोदामात गेले. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, लाल आता फक्त उंबऱ्याला आणि पायऱ्यांना जातो. ओट्याला सगळे जेट ब्लॅक नाहीतर गॅलेक्सी नेतात." मागच्या रांगेत मातकट लाल, मध्ये काळे ठिपके, अशी एक लादी उभी होती. ही कुठली, विचारलं. म्हणाला, "इलकलची." मी थोडा वेळ तिथेच थांबले. माझी आई आयुष्यभर इरकल नेसली. त्या लुगड्याचं नाव ज्या गावावरून पडलं त्याच गावच्या खाणीतला हा दगड, आणि पदरासारखाच लाल. आपल्या जिल्ह्यात पायाखाली सगळा काळा बेसाल्ट, जातं आणि पाटा-वरवंटा त्याचाच. हा रंग कर्नाटकातून येतो, इरकल आली तशीच. ग्रॅनाइटमधला लाल रंग फेल्डस्पार या खनिजाचा, त्यात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. तो कुणी फासलेला नाही, त्यामुळे घासून जात नाही.

फासलेला रंगही बाजारात मिळतो, हे वाचकांना कळायलाच हवं. माझ्या नणंदेला एका दुकानदाराने काळाकुळकुळीत दगड दिला. दोन वर्षांत सिंकच्या कडेने तो करडा पडला. मूळच्या करड्या दगडाला रंग दिलेला होता. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन दगड घासून पाहावा, फडकं काळं झालं तर तो दगड सोडून द्यावा. मी माझ्या लादीवर हे दुकानातच केलं. मुलगा जरा नाराज झाला, पण फडकं स्वच्छ निघालं.

शिवाय मी वीतभर तुकडा मागून घरी आणला आणि आठ दिवस त्याचा छळ मांडला. तेलात कालवलेली हळद रात्रभर, लिंबाची फोड, चिंच, तापलेली लोखंडी कढई. पॉलिशच्या बाजूला काहीही उमटलं नाही. कापलेल्या कच्च्या कडेला मात्र तेल मुरलं आणि काळपट डाग राहिला, म्हणून मिस्त्रींकडून सिंकच्या आतल्या कडाही पॉलिश करून सीलर लावून घेतला. तुकडा मी सकाळच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली ठेवून पाहिला. निळसर पांढऱ्या ट्यूबखाली हा लाल काळपट, उदास दिसतो, पिवळसर दिव्याखाली उजळतो. दिवा बदलायला कितीसा खर्च येतो? आणि दोन लाद्या लागत असतील तर एकाच लॉटमधल्या, शेजारी उभ्या करून, ओल्या करून पाहाव्यात. माझा जोड शेगडीमागे आहे, तो शोधावा लागतो.

त्या गोदामात कृत्रिम क्वार्ट्झही होता, हवा त्या रंगात, अगदी पोपटीसुद्धा. ती दगडाची भुकटी राळेने बांधलेली असते. मी कढई थेट ओट्यावर टेकवते, आणि राळ ती उष्णता सहन करत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो दगड कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कारागिरांची फुप्फुसं निकामी होतात, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. धूळ ग्रॅनाइटचीही वाईटच. आमच्याकडे दगड कापायला आलेला पोरगा तोंडाला रुमाल बांधून कोरडाच कापायला बसला होता. मी कटरवर पाण्याची धार धरायला लावली आणि मेडिकलमधून चांगला मास्क आणून दिला. अंगण चिखलाने भरलं, ते धुता येतं.

लाल ओट्याची अडचणही आहे. आमच्या बोअरचं पाणी जड, ते वाळलं की चकाकत्या दगडावर पांढरे वळे उठतात. रात्री झोपताना कोरड्या फडक्याने पुसावंच लागतं. ज्वारीचं पीठ सांडलेलं लगेच दिसतं, ते मला बरं वाटतं. दिसलं की पुसलं जातं, मुंग्या येत नाहीत.

पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, लाल? देवळासारखं दिसेल. उद्या विकायचं झालं तर?" सून मागून म्हणाली, "आईंना हवा तो घेऊ दे की रे. उभ्या त्या राहतात." संपादक महोदय, माझं एवढंच म्हणणं आहे. न आलेल्या गिऱ्हाइकाच्या आवडीसाठी बाईने वीस वर्षं नावडत्या रंगासमोर का उभं राहावं? निळा, हिरवा, लाल, तिला जो हवा तो घ्यावा, भिंतीच्या टाइल्स साध्या ठेवाव्यात आणि दगड पारखून घ्यावा. आपल्या पुरवणीने सजावटकारांबरोबर स्वयंपाक करणाऱ्यांनाही विचारावं, आणि साताऱ्या-सांगलीतल्या साध्या घरांतले रंगीत ओटे छापावेत.

माझ्या ओट्याचा फोटो हवा असेल तर सकाळी साडेआठला कुणालातरी पाठवा. तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट त्यावर येतं, आणि भाकरीही तव्यावर असते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
गावभाग, सांगली